दाढेचा ठणका थांबला. पण आजार थांबला का?

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाची तरी दाढ ठणकताना तुम्ही पाहिली असेलच. दिवस कसाबसा निभावतो, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणका वाढतो. मग दाढेखाली लवंग धरून होते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, दुखणे थांबवणारी गोळीही घेऊन होते. असे तीन-चार दिवस गेले की कधी कधी एक नवल घडते. दाढ आपोआप दुखायची थांबते! घरातली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दंतवैद्याकडे जाण्याचा बेत रहित होतो. पुढे काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी त्याच बाजूचा गाल एका रात्रीत टम्म सुजून येतो.

मधल्या काळात दाढ बरी झाली होती का? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते तसे का, हे एकदा नीट समजले की दाताच्या मुळाशी गळू कसे होते, नुसत्या गोळ्यांनी ते बरे का होत नाही आणि दंतवैद्य नेमके काय करतो, ही तिन्ही कोडी उलगडतात.

दगडी कोठडीतला जिवंत गर

आरशात पाहताना आपल्याला दात पांढऱ्या खड्यासारखा निर्जीव वाटतो. पण तो तसा नाही. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हे खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले असते. त्याच्या आत डेंटीनचा थर असतो. तो थोडा मऊ, आणि त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटर जागेत अशा हजारो नळ्या मावतात! सर्वांत आत एक पोकळी असते. तिच्यात मऊ, लालसर, जिवंत गर भरलेला असतो. यालाच दंतगर किंवा पल्प म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि मज्जातंतूही असतात.

हा गर दाताच्या मुळातील अरुंद नळीतून खाली उतरतो आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून जबड्याच्या हाडाशी जोडला जातो. हे छिद्र पूर्ण वाढलेल्या दातात सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. दंतगराला लागणारे अन्न, ऑक्सिजन आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी या सर्वांची ये-जा याच बारीक दारातून होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सारे रामायण या एका दारापाशी घडते.

कीड म्हणजे किडा नव्हे

‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो. त्यामुळे दातात खरोखरच एखादा किडा असतो, असे पुष्कळांना वाटे. ही समजूत जगभर होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ती खोडून काढली. तरीही धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणारे लोक पुढे कितीतरी वर्षे जत्रेत आणि बाजारात बसत राहिले. तो ‘किडा’ हातचलाखीने आणलेला असे, हे सांगायला नकोच.

मग दात किडतो कशाने? १८९० साली विलोबी मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचे उत्तर दिले. तो त्या वेळी बर्लिनमध्ये काम करीत होता. त्याने दाखवून दिले, की तोंडातले सूक्ष्म जंतू अन्नातील साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवतात, त्यापासून आम्ल तयार होते आणि हे आम्ल दातातील खनिज विरघळवते. या कामात पुढाकार घेणाऱ्या जंतूंपैकी एकाला १९२४ साली ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हे नाव मिळाले.

आम्लाची ही करामत तुम्ही घरी पाहू शकता. अंड्याचे कवच एका पेल्यात ठेवा आणि ते बुडेल इतके व्हिनेगर घाला. कवचावर बुडबुडे दिसू लागतील. दुसऱ्या दिवशी पाहा. कवच मऊ पडलेले किंवा जवळजवळ नाहीसे झालेले आढळेल, आणि आतला पातळ पापुद्रा तेवढा उरेल. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि दंतवल्क कॅल्शियम फॉस्फेटचे. दाताचे खनिज इतक्या सहज विरघळत नाही, पण तोंडातली आम्लता पीएच ५.५ च्या आसपास खाली उतरली की तेही विरघळू लागते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थरात अशी स्थिती येते. लाळ ती हळूहळू पूर्ववत करते. त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकदाच दोन पेढे खाण्यापेक्षा दिवसभर एकेक गोळी चघळत राहणे दाताला जास्त घातक असते.

ठणका का लागतो, आणि थांबतो का?

दंतवल्काला भोक पडले तरी दुखत नाही, कारण त्यात मज्जातंतू नसतात. कीड डेंटीनमध्ये शिरली की थंड पाणी झोंबते, गोड खाल्ले की शिणक येते. कीड आणखी आत सरकून जंतू दंतगरापर्यंत पोचले, की खरा प्रसंग सुरू होतो.

हाताला काटा टोचून जंतू शिरले तर शरीर काय करते? त्या जागेचा रक्तपुरवठा वाढतो, रक्तातला द्रव आणि पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात आणि ती जागा लाल होऊन सुजते. सूज ही शरीराची लढाईची तयारी असते. हाताची कातडी ताणली जाऊ शकते, म्हणून सुजेला जागा मिळते. पण दंतगर बसला आहे दगडी कोठडीत! तिथल्या भिंती तसूभरही हटत नाहीत. द्रव वाढतो, जागा मात्र तेवढीच राहते, आणि आतला दाब चढतो. दाबाखाली मज्जातंतू चेपले जातात, तोच तो ठणका. आपण आडवे झालो की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो. म्हणून दाढ रात्री जास्त छळते.

दाब वाढत गेला आणि जंतू पसरत गेले, की आत येणाऱ्या रक्तवाहिन्याही चेपल्या जातात. मुळाच्या टोकाचे ते एकुलते एक बारीक दार बंद पडते. रक्त नाही म्हणजे अन्न नाही आणि ऑक्सिजनही नाही. दंतगर मरू लागतो. त्याच्याबरोबर मज्जातंतूही मरतात. मेलेला मज्जातंतू वेदना कशी सांगणार?

दाढ दुखायची थांबली ती अशी. चोर घरात शिरला आहे, आणि ओरडणारा पहारेकरी तेवढा गप्प झाला आहे!

उंदरांनी दिलेली साक्ष

दंतगर मरतो तो जंतूंमुळेच, हे कशावरून? दात फुटला, दंतगर उघडा पडला आणि अन्न आत गेले, एवढेच कारण त्याला पुरेसे नसेल का? ही शंका रास्त होती. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तीन अमेरिकन संशोधकांनी तिचा निकाल लावला.

त्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एका गटातील उंदीर नेहमीसारखे वाढलेले. दुसऱ्या गटातील उंदीर जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. त्यांच्या तोंडात एकही जंतू नव्हता. दोन्ही गटांतील उंदरांच्या दाढेला भोक पाडून दंतगर उघडा केला आणि ते भोक तसेच मोकळे ठेवले. अन्नाचे कण दोन्हीकडे आत जात होते. काही आठवड्यांत काय दिसले? नेहमीच्या उंदरांच्या दाढांतील दंतगर कुजून मेला आणि मुळाशी गळवे झाली. निर्जंतुक उंदरांच्या दाढांत मात्र दंतगर जिवंत राहिला. इतकेच नाही, तर उघड्या जागेवर त्याने नव्या डेंटीनचा पूल बांधून भोक आतून बुजवण्यास सुरुवात केली!

दोन्ही गटांत जखम सारखी, अन्नही सारखे. फरक एकच होता, तो जंतूंचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, ही प्रयोगाची शिस्त तुम्ही शाळेत शिकता. तिचे याहून सुबक उदाहरण शोधून सापडणे कठीण.

मुळाशी साचणारा पू

आता त्या गप्प झालेल्या दाढेकडे परत येऊ. मेलेला दंतगर म्हणजे जंतूंना आयते अन्न. आत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, पण त्यावाचून जगणारे जंतू पुष्कळ असतात. ते तिथे सुखाने वाढतात आणि त्यांची विषारी द्रव्ये मुळाच्या टोकाच्या छिद्रातून जबड्याच्या हाडात झिरपू लागतात. तिथे मात्र रक्तपुरवठा आहे. पांढऱ्या पेशींची फौज तिथे ठाण मांडते. लढाईत मेलेल्या पेशी, मेलेले आणि जिवंत जंतू आणि वितळलेल्या ऊती यांचा पिवळसर लगदा साचतो. हाच पू. पुवाने भरलेल्या अशा पोकळीला गळू म्हणतात. वैद्यकात तिला विद्रधी असे नाव आहे.

पुवाला जागा करून देण्यासाठी आजूबाजूचे हाड झिजते. क्ष-किरणांच्या चित्रात मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो, तो या झिजलेल्या हाडाचा. दात हाडात ज्या धाग्यांनी बसवलेला असतो तेही सुजतात. त्यामुळे दात किंचित वर उचलला जातो. रुग्ण म्हणतो, “ही दाढ उंच झाल्यासारखी वाटते, चावले की आधी तीच लागते.” त्याचे म्हणणे अगदी खरे असते.

पू नेहमी कमी अडथळ्याची वाट शोधतो. हाड जिथे पातळ असेल तिथून तो बाहेर पडतो. कधी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, तोंडात खारट घाण चव येते आणि बरे वाटते. पुन्हा ‘बरे झाले’ असा समज होतो. काही दिवसांनी पुटकुळी पुन्हा भरते. कधी पू गालाच्या मऊ भागात शिरतो आणि गाल सुजतो.

हा आजार आजचा नाही. आफ्रिकेतील झांबिया देशात काबवे येथे १९२१ साली एका आदिमानवाची कवटी सापडली. ती सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची आहे. तिच्यातील पुष्कळसे दात किडलेले आहेत, आणि जबड्याच्या हाडात गळवांच्या खुणा आहेत. त्या बिचाऱ्याजवळ उपाय काहीच नव्हता. आपल्याजवळ तो आहे. पण आपण तो नीट वापरतो का?

गोळी तिथे पोचतच नाही

“पेनिसिलिनसारखी औषधे जंतू मारतात ना? मग चार गोळ्या घेतल्या की काम झाले!” असे तुम्ही म्हणाल. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि हे औषध आपल्या देशातच बनू लागले. अशा प्रतिजैविक औषधांनी असंख्य प्राण वाचवले आहेत, यात शंका नाही.

पण गोळी गिळल्यावर औषध शरीरात फिरते ते कशातून? रक्तातून. आणि मेलेल्या दंतगराकडे रक्त जाते का? जात नाही, ते दार केव्हाच बंद झाले आहे. जंतूंचा तळ दाताच्या पोकळीत सुरक्षित राहतो. पुवाने भरलेल्या गळवातही औषध पुरेसे शिरत नाही. गोळ्यांनी आसपास पसरलेले जंतू मरतात, सूज उतरते, आणि काही दिवसांनी तळातून नवी कुमक येते. शिवाय वरचेवर किंवा अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात आणि वाढतात. मग खरी गरज पडेल तेव्हा ते औषध निकामी ठरते.

म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे, की प्रकृती एरवी चांगली असलेल्या प्रौढ रुग्णाला दातावरचा उपचार लगेच मिळत असेल, तर अशा बहुतेक दुखण्यांत प्रतिजैविके देऊ नयेत. ताप आला, सूज पसरू लागली, किंवा मधुमेहासारख्या कारणाने रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असली, तर ती जरूर लागतात; पण दातावरच्या उपचाराच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नव्हे.

दंतवैद्य काय करतो?

त्याच्यापुढे दोन कामे असतात. साचलेल्या पुवाला वाट करून द्यायची आणि जंतूंचा तळ उठवायचा.

पहिले काम तो दाताला भोक पाडून किंवा हिरडीला छोटा छेद देऊन करतो. त्याआधी ती जागा बधिर करावी लागते. इथे रसायनशास्त्राची एक गंमत आहे. सुजलेली जागा आम्लधर्मी झालेली असते. बधिर करणाऱ्या औषधाच्या ज्या रेणूंवर विद्युतभार नसतो तेच मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरू शकतात, आणि आम्लात अशा रेणूंची संख्या घटते. त्यामुळे ऐन सुजेत दिलेले इंजेक्शन नीट लागू पडत नाही. दंतवैद्य मग सुजेपासून दूर, मूळ मज्जातंतूच्या वाटेवर इंजेक्शन देतो. पू निघाला की दाब उतरतो आणि रुग्णाला बराच आराम पडतो.

दुसऱ्या कामाचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दात काढून टाकणे. दुसरा म्हणजे मुळातील नळीवरचा उपचार. त्याला आपण ‘रूट कॅनाल’ म्हणतो. बारीक कानशींनी नळीतला कुजलेला गर खरवडून काढतात, जंतुनाशक द्रावणाने नळी धुतात आणि गटापर्चाने ती गच्च भरतात. गटापर्चा हा मलाया भागातील एका झाडाचा वाळलेला चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवर याच पदार्थाचे वेष्टन असे! नळी भरल्यावर जंतूंना जागाही उरत नाही आणि अन्नही. मग काही महिन्यांत मुळाशी झिजलेले हाड बहुधा पुन्हा भरून येते. दंतगर गेला तरी दात हाडात पक्का राहतो आणि चावण्याचे काम करतो. दाढ असेल तर ती फुटू नये म्हणून तिच्यावर टोपी बसवतात.

‘वरची दाढ काढली की डोळे अधू होतात’ ही भीती तुम्ही ऐकली असेल. तिला काही आधार नाही. दृष्टीचा मज्जातंतू वेगळा आणि दातांचा वेगळा. उलट किडलेली दाढ तशीच ठेवली, तर वरच्या जबड्यातली सूज डोळ्याभोवती पसरू शकते.

या प्रसंगी थांबायचे नाही

विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली एका भयंकर सुजेचे वर्णन केले. ती जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना वेगाने पसरते, जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. खालच्या दाढांच्या मुळाशी साचलेला पू हे तिचे नेहमीचे कारण आहे.

जंतू दूरवरही जाऊ शकतात. २००७ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १२ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्या दाताच्या गळवातले जंतू मेंदूपर्यंत पोचले होते. दात वेळेवर काढायला सुमारे ८० डॉलर पडले असते, असे तेव्हा वृत्तपत्रांनी लिहिले. घरच्यांना तो उपचार वेळेवर मिळू शकला नाही. पुढे मेंदूवर दोन शस्त्रक्रिया करूनही तो वाचला नाही. इतका टोकाचा प्रसंग क्वचितच येतो. पण तो टाळता येण्यासारखा होता, हे विसरता कामा नये.

म्हणून ही लक्षणे पाठ करून ठेवा: तोंड नीट उघडता न येणे, गिळताना त्रास, श्वासाला अडथळा, जिभेखाली, मानेवर किंवा डोळ्याभोवती पसरणारी सूज, थंडी वाजून ताप. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

एरवी दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. लवंगेच्या तेलातील युजेनॉल थोडा वेळ बधिरता आणते, पण रोग बरा करीत नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये, ती जागा भाजते. मुलांना ॲस्पिरिन पोटातही देऊ नये. गालाला बाहेरून शेक देऊ नये आणि सुईने पुटकुळी फोडू नये. घरात उरलेल्या जुन्या प्रतिजैविक गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात कमी खर्चात उपचार होतात.

सहावा दात मोजा

आता आरसा घ्या. समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. सहावा दात म्हणजे तुमची पहिली कायमची दाढ. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दुधाचा दात न पडता, मागच्या मोकळ्या जागेत उगवते. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती पडत नाही. तिच्या जागी दुसरी येतही नाही. कीड लागणाऱ्या कायमच्या दातांत तिचा क्रमांक फार वरचा आहे. तिच्या खाचांत काळा खड्डा दिसला तर दुखायची वाट पाहू नका. या टप्प्यावर दाढ साफ करून भरणे हे थोडक्यात आटोपणारे काम आहे. धाकट्या भावंडांच्या दाढाही पाहा. दुधाच्या दाताच्या मुळाशी गळू झाले, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातावर डाग किंवा खळगे राहू शकतात.

शिक्षकांनी वर्गात मुलांना आपापल्या चार पहिल्या दाढा आरशात पाहायला सांगाव्यात आणि काळा खड्डा किती जणांना दिसतो, त्याची नावाशिवाय नोंद करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगात सुमारे दोन अब्ज लोकांच्या कायमच्या दातांना कीड आहे. तुमच्या वर्गाचा आकडा या आकड्याचाच एक लहानसा भाग असेल. तो कमी करण्याचे उपाय साधे आहेत. फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावे. त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची असावी, कारण झोपेत लाळ कमी सुटते. गोड खायचे ते जेवणाबरोबर खावे.

आणि घरात कोणी म्हणाले, “दाढ दुखायची थांबली, आता कशाला दंतवैद्य?” तर त्यांना त्या दगडी कोठडीची आणि बंद पडलेल्या दाराची हकिकत जरूर सांगा.